बास म्हणेपर्यंत

वास आधी माझ्याच नाकाला लागला. भाजल्याचा वास मला नवा नाही. राजमहेंद्रीच्या दुकानात भट्टीपुढं बसून सोनं गाळण्यात माझं सगळं तरुणपण गेलं. मनगटावरचे केस जळले, कातडीला चटका बसला की जो एक वास उठतो तो मी झोपेतसुद्धा ओळखीन. म्हणून पडल्या पडल्याच मी आईला म्हणालो, गॅसवर काही राहिलंय का बघ. आई माझ्या पलंगाला लागून स्टुलावर बसली होती. गॅस कवाच बंद केलाय म्हणाली, मग तिनंही नाक वर करून वास घेतला आणि शेजारणीला नाव ठेवलं. या सांगलीतल्या बायका भर दुपारी काय जाळत बसतात कोण जाणे. वास वाढला. मग मी कोपरांवर जोर देऊन मान उचलली आणि खाली पाहिलं. माझ्या उजव्या मांडीवर चिंधीत गुंडाळलेली तापली वीट होती. आईचा हात चिंधीच्या टोकावर होता आणि ती एकटक माझ्या तोंडाकडं बघत होती. मी बास म्हणायची वाट बघत होती.

आमच्याकडं शेकाचा एक नियम आहे. कडेगावच्या अलीकडं आमचं गाव. गल्लीत कुणाची कंबर धरली, बाळंतिणीचं अंग ठणकलं, तालमीतल्या पोराचा गुडघा सुजला, की बोलावणं आमच्या घरी यायचं, अनसूयाकाकीला पाठवा. अनसूयाकाकी म्हणजे माझी आई. ती चुलीत वीट तापवायची, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळायची आणि दुखऱ्या जागेवर धरून बसायची. वीट किती तापवायची ते ती ठरवायची, पण किती वेळ ठेवायची ते दुखणेकऱ्यानं. ज्याचं दुखतंय त्येला कळतंय, मी कोन सांगनार, असं तिचं म्हणणं. बास म्हटलं की उचलायची, तोवर नाही. एकदा आमच्या बैलाचा खांदा धरला होता, तेव्हा वडिलांनी तिला चिडवलं, आता बास कोण म्हणणार, बैल? ती बैलाच्या खांद्यावर वीट धरून त्याच्या कातडीकडं बघत राहिली आणि कातडी थरारली तशी वीट उचलली. बैल पुढं औताला चालला. वडिलांनी पुन्हा तिला चिडवलं नाही, उलट पाव्हण्यांना ती गोष्ट तेच सांगायचे.

माझी कातडी थरारत नाही. बेंबीपासून खाली मला काही कळत नाही. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला आणि मालनला हे खोलीत बसवून नीट सांगितलं होतं, चित्र काढून सांगितलं होतं. मणका कुठं मोडलाय, त्याच्या आतली दोरी कुठं चिरडलीय, आणि ती पुन्हा जुळत नाही. मालन, माझी बायको, फक्त एवढंच विचारून घेत होती की कूस किती वेळानं बदलायची आणि लघवीची पिशवी कशी धुवायची. मी त्या चित्राकडं बघत होतो. आई तेव्हा बाहेर बाकावर भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. खोलीतून बाहेर येताना आम्ही दोघांनी ठरवलं, म्हातारीला लगेच नको, सावकाश सांगू. ती सावकाशची वेळ आली नाही. मिरजेला जाणं-येणं बरं पडावं म्हणून आम्ही सांगलीत विश्रामबागेत तळमजल्याची जागा भाड्यानं घेतली, चाकाची खुर्ची दारातून आत जाईल अशी. आईही आली. गावाकडून भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा पलंगाशी बसून म्हणायचा की दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. आई मान डोलवायची. काही दुखणी राहायलाच येतात, असं म्हणणारा एकही पाहुणा आला नाही.

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. एके दुपारी आई तिथून एक वीट मागून घेऊन आली. मालन तेव्हा शिवणाच्या क्लासला शिकवायला गेली होती. दुपारी ती जाते, आमची मुलगी सई शाळेत असते, घरात आम्ही दोघंच असतो, मी आणि आई. आईनं गॅसच्या शेगडीवर वीट तापवली. गॅसवर वीट तापवणारी सांगलीत ती एकटीच असेल. चिंधीत गुंडाळून माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "लागतंय का रं?" तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, त्यामुळं ती माणसाकडं जरा मान तिरपी करून बघते. तशी मान तिरपी करून ती माझ्याकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवेना. मी म्हणालो, थोडं लागतंय. एवढे दोन शब्द. मग जरा वेळानं म्हणालो, बास. तिनं वीट उचलली, पदर तोंडाला लावला, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन राजमहेंद्रीला माझ्या धाकट्या भावाला, जोतीरामला फोन केला. अर्जुनाला शेक लागाया लागला. दुकान नीट संबाळ, त्यो येईल आता.

त्या दिवसापासून रोज दुपारी वीट. आणि मी रोज बास म्हणू लागलो. अंदाजानं. सुरुवातीला चुकायचं, ठेवल्या ठेवल्या बास म्हटलं की ती म्हणायची, आज हळवं झालंय व्हय? मग मला जमायला लागलं. आधी ओठ जरा आवळायचे, मग डोळे मिटायचे, मग "हं" करायचं आणि मग बास. नाटकवाल्यांच्या गावात राहायला आलो त्याचा एवढा तरी गुण लागायचाच. गंमत म्हणजे मला ते आवडायला लागलं. दिवसभरात मला विचारून होणारी ती एकच गोष्ट होती. कूस बदलायची ती घड्याळ बघून, पिशवी भरली की पिशवी, मिरजेहून तारिकभाई आले की पायांचा व्यायाम. माझं शरीर इतरांच्या वेळापत्रकावर चालत होतं. फक्त दुपारी एक माणूस माझ्या शब्दासाठी थांबून राहायचं. खोटं सांगतोय याची लाज वाटायची, पण त्या लाजेच्या खाली एक ऊब असायची. आणि आणखी खाली, कुणाला सांगण्यासारखी नाही अशी एक शंकाही, की रोज लागतंय लागतंय म्हणता म्हणता खरंच लागेल.

यात मालनचं काय झालं ते मी बघितलं नाही असं नाही. आईनं तिला एकदा सांगितलं, सकाळचा शेक तू देत जा. मालन म्हणाली, डॉक्टरांनी गरम काही लावायचं नाही सांगितलंय. तिचं बरोबर होतं, पण आईला ते कारण वाटलं नाही, कंटाळा वाटला. दुपारी मी बिचारी वीट धरते आणि पोराला लागतं, आणि ही म्हणते नाही. एका सकाळी आई दारात बसून शेजारणीला सांगत होती की सुनेनं आशा सोडली. बाई शिकल्याली हाय, पर मन घट हाय. मालन आत पोळ्या लाटत होती, तिला ऐकू गेलं, मला ऐकू गेलं. लाटणं जरा थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी मी माझी मूठ झाकून ठेवली, आणि त्याची किंमत मालन देत राहिली. तिनं मला त्याबद्दल काही विचारलं नाही. आपल्या माघारी दुपारी घरात काय चालतं हे ती जाणून होती. शेगडीवर विटेचा लाल चुरा राहायचा, तो ती गुपचूप पुसून काढायची.

त्या दुपारी मी बास म्हणायला विसरलो, कारण मी तिथं नव्हतोच. मी राजमहेंद्रीला होतो, गोदावरीच्या घाटावर. वैशाखात दुपारी जेवायच्या आधी मी आंघोळीला घाटावर जायचो आणि परत येताना त्या दगडी पायऱ्या इतक्या तापलेल्या असायच्या की टाचा टेकवता यायच्या नाहीत. चवड्यांवर उड्या मारत वर यायचं. तिथले आंध्रवाले हसायचे, मीही हसायचो. तिथून दुकानात. मुशीत सोनं वितळताना आधी कडेनं थरथरतं, मग एकदम निवळतं, आणि निवळलं की माणसानं श्वास धरायचा असतो. उष्णता मला डोळ्यांनी कळायची, हात लावायची कधी गरज पडली नाही. मग जीप. गावच्या जत्रेला आम्ही परमुलखात सोनं गाळणारे सगळे गलाईवाले येतो, कुणी कुठून कुणी कुठून. मी मिरजेला रेल्वेनं उतरलो आणि जीप केली. पलूसच्या पुढं दिवस मावळला. मी ड्रायव्हरशेजारी होतो, बूट काढून पाय खाली पत्र्यावर टेकवले होते आणि इंजिनाच्या धगीनं पत्रा मस्त कोमट झाला होता. उसाची ट्रॉली दिव्याशिवाय रस्त्यात उभी होती म्हणतात. ट्रॉली मला आठवत नाही. धडकही आठवत नाही. पत्र्याची ती ऊब आठवते, तळव्यांखाली, बोटांच्या पेरांत. पडल्या पडल्या मी ती इतक्या नीट आठवत होतो की ती आली. खरंच तळव्यांना कोमट लागलं. आलं, असं मी मनात म्हणालो, आता हलायचं नाही, ते जाईल, आणि मी श्वास धरून निपचित पडून राहिलो, सोनं निवळताना धरायचो तसा. मग तो वास आला. तळव्यांना लागत होतं ते जीपमधलं होतं आणि जळत होती ती मांडी. दोन्ही एकमेकांना ओळखत नव्हती.

बास, बास, मी म्हणालो तेव्हा उशीर झाला होता. आईनं वीट उचलली. मी चादर ओढून घेतली, तिला दिसायच्या आत. मोतीबिंदूवाली बाजू माझ्याकडं होती म्हणून जमलं. तिनं विचारलं, चांगलं लागलं न्हवं आज? मी हो म्हणालो. ती खूश झाली. म्हणाली, आज दुखण्यानं लय ऊब पेली, उद्या आनी जरा तापवते. आणि वीट घेऊन, गुडघ्यावर हात टेकत, आत गेली. मी चादरीखाली हात घातला. बोटांना ओलं लागलं. बोटांना लागलं, मांडीला नाही. कुणा दुसऱ्याच्या जखमेवर हात ठेवावा तसं. मी रडलो नाही. मला स्वतःची किळस आली, इतकी की संध्याकाळपर्यंत मी त्या बाजूला बघितलं नाही. सई शाळेतून आली आणि रोजच्यासारखी माझ्या पायांना पाठ टेकून अभ्यासाला बसली. बाबांचे पाय कधी हलत नाहीत म्हणून टेकायला चांगले, असं तिचं मत आहे. मी तिला पहिल्यांदाच म्हणालो, तिकडं खुर्चीत बस. तिनं वह्या उचलल्या आणि माझ्याकडं बघत बघत खुर्चीत गेली.

कूस बदलताना मालननं बघितलं. पाणी आणलं, मलम आणलं, स्वच्छ कापड आणलं. फोड फुटून कातडी सुटली होती. ती लावत असताना मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो, कारण जखम किती आहे हे मला तिच्याच चेहऱ्यावरून कळणार होतं. बरीच होती. सकाळी तारिकभाई आले. हे मिरजेचे, आठवड्यातून काही दिवस माझ्या पायांचा व्यायाम घ्यायला येतात. बोलायला मऊ माणूस, पण त्या दिवशी त्यांनी पिशवी खालीसुद्धा ठेवली नाही. पट्टी उचलून बघितली आणि विचारलं, हे कशानं? मालन माझ्याकडं बघत उभी राहिली. मी सांगितलं. ते पलंगावर टेकले. "अर्जुनभाऊ," ते म्हणाले, "ही जखम तुमाला दुखनार न्हाई. म्हनून तर भ्या तिला." मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की अशा अंगावरचं भाजणं महिनोन्महिने भरत नाही, आत हाडापर्यंत गेलं तर पाय जातो, कधी माणूस जातो. अशी माणसं त्यांनी स्वतः दवाखान्यात ने-आण केलेली होती. बाहेर आई त्यांच्यासाठी चहा टाकत होती, कपबशांचा आवाज येत होता. ते म्हणाले, मी सांगू का मावशींना, डॉक्टरांनी शेक बंद केलाय म्हणून? हे सोपं होतं. मी हो म्हणणारच होतो.

मालन म्हणाली, "नगा सांगू भाई." मग माझ्याकडं वळली. तिचा आवाज चढला नाही. "डॉक्टर नको म्हनत्यात हे मी बी सांगितलं हुतं. आत्याबाईंनी ऐकलं का? तुमी रोज बास म्हनताय, मग त्यांनी तुमचं ऐकायचं का डॉक्टरचं? आज भाईंनी बंद केलं तर उद्या रुईचं पान येईल, परवा वाळूची पुरचुंडी. तुमी लावून ठिवलंय, तुमीच सोडवा." तारिकभाई खिडकीबाहेर बघत होते. तिचं प्रत्येक अक्षर खरं होतं. मला राग आला, आणि राग आल्यावर कळलं की मी कशाला घाबरतोय. आईला दुःख होईल म्हणून मी थांबलो होतो असं मी स्वतःला सांगत आलो. पण आईला सांगितलं की घरात मी बरा होईन असं मानणारं कुणीच उरणार नव्हतं. ती शेवटची होती. तिच्या त्या विटेच्या जोरावर मी रोजची दुपार काढत होतो. ते संपवायचं म्हणजे मीच मला उठवायचं बंद करायचं. तारिकभाईंनी चहा घेतला, व्यायाम घेतला नाही, आणि जाताना आईला वाकून नमस्कार करून गेले.

दुपारी मालन क्लासला गेली नाही. आतल्या खोलीत मशीनवर बसली, आणि तिचं मशीन चालू झालं. आईनं वीट तापवली. मी स्वयंपाकघरातला गॅसचा भुसभुस आवाज ऐकत पडलो होतो, तो बंद झाला, मग तिची पावलं. कालच्यापेक्षा जास्त तापवली असणार, कारण चिंधी दुहेरी होती. ती स्टुलावर बसली आणि चादर बाजूला करायला हात घातला. मी तो हात धरला.

"आई, ईट ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "मला कळत न्हाई."

"काय कळत न्हाई?"

"ऊन, गार, कायबी. पायातलं कायबी कळत न्हाई. पयल्यापास्नं."

तिनं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग वीट खाली फरशीवर ठेवली. "आन बास म्हनत हुतास त्ये?"

"अंदाजानं."

मग मी चादर काढली आणि पट्टी वर उचलली. ती वाकली, चांगला डोळा पार जवळ नेला. मी तिला बघू दिलं. काल काय झालं ते सांगितलं, डॉक्टरांनी चित्र काढून काय सांगितलं होतं ते सांगितलं, पाय परत यायचे नाहीत हे सांगितलं. बोलताना माझा आवाज नीट राहिला याचं मलाच नवल वाटलं. मला वाटलं होतं ती कपाळ बडवून घेईल, विटेला शिव्या देईल, देवांची नावं घेईल. ती तसं काही करत नव्हती. आतलं मशीन थांबलं होतं. "मालनला ठावं हुतं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, व्हय, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, तिला गप्प मी बसवलं. आई आतल्या दाराकडं बघत म्हणाली, मी तिला दारात बसून बोल लावला. मालन बाहेर आली नाही. बाहेर न येऊन तिनं आम्हा दोघांनाही सांभाळून घेतलं असं मला वाटतं.

मग आई स्टुलावरून उठली आणि पलंगाच्या पायथ्याशी गेली. तिनं माझ्या तळव्यावर हात ठेवला. "हितं?" मी म्हणालो, न्हाई. घोट्यावर ठेवला. हितं? न्हाई. नडगीवर, पोटरीवर, गुडघ्यावर. ती काही सोडत नव्हती, लहानपणी आंघोळ घालताना जसा एकेक अवयव धुवायची तसा तिचा हात येत होता, आणि प्रत्येक वेळी ती विचारायची आणि मी न्हाई म्हणायचो. मी नुसता तिचा हात बघत होतो. कुणाच्या तरी पायांवरून तो वर येत होता. पट्टीच्या जागी तिनं हात उचलून पलीकडं ठेवला. कंबरेपाशी तिचा आवाज बारीक झाला. बेंबीपाशी तिनं विचारलं आणि मी न्हाई म्हणालो तेव्हा ती जरा थांबली, मला वाटलं आता पुढं जाणार नाही. पण तिनं हात आणखी दोन बोटं वर सरकवला आणि एकदम तिचा तळवा लागला, खरखरीत, जरा ओला. ती विचारायच्या आत मी म्हणालो, "हितं. हितं कळतंय."

तिनं हात काढला नाही. त्या जागेकडं आणि तिथपासून खाली माझ्या पायांकडं ती बघत राहिली. "लय वरपातूर गेलंय रं," ती म्हणाली. आणि अपघातानंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर रडायला लागली, आवाज न करता. तिचा तळवा तिथंच होता, आणि ती रडत होती तेवढं सगळं मला त्यातून कळत होतं.